काळजात फूल पडलेला मुळा

कौलून सिटी
५ जानेवारी १९७१

सौ-हिंग विहीणबाईंना ग्वेक-नीचा नमस्कार.

वर्षअखेरचा आहेर घेऊन हॉन-मिंग तुमच्या बेटावर येऊन गेला. तुम्ही त्याला इतकं खाऊ घातलंत की घरी आल्यावर माझ्या हातचं काही त्याच्या घशाखाली उतरेना. पोराचं पोट सासुरवाडीकडे आधीच निघून गेलंय, बाकीचा देह तेवढा दुकानात तांदूळ मोजतोय.

रीतीप्रमाणे आहेरातलं निम्मं तुम्ही परत पाठवलंत, ते सगळं पोचलं. संत्री पोचली, सोडे पोचले, कोंबडीचा अर्धा भाग पोचला. मी तक्रार करणारी बाई नाही. पण मुळ्यांची जोडी पाठवली होती, पाल्यासकट, लाल दोऱ्याने बांधून. त्यातला एकही परत आला नाही. आम्हा तेओचिऊ लोकांच्या बोलीत मुळ्याचं नाव आणि शकुनाचं नाव एकच ऐकू येतं. जोडीतला एक मुळा मुलीकडे राहायचा, एक मुलाकडे यायचा, म्हणजे शकुन दोन्ही घरांत राहतो. दोन्ही तुम्हीच ठेवलेत तर आमच्या घरचा शकुन समुद्रापलीकडे गेला ना! मी हॉन-मिंगला विचारलं, बोटीतून पाण्यात पडला का? तर म्हणतो, "आई, मुळाच तो, किती मनाला लावून घेशील!" आजकालच्या पोरांना काही पडलेली नाही.

मिउ-लिन कशी आहे? मुलगी बघायला आले त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोरून ती हलत नाही. काय ते काळेभोर, सरळ केस, नीट मागे बांधलेले! मान खाली, आवाज हळू. वर निर्यात कंपनीच्या कचेरीत नोकरी. लग्नं जुळवणारी लान-मावशी न बोलावता आपल्या पायांनी स्थळ घेऊन आली, तेव्हाच मी ओळखलं की हे देवानेच धाडलंय.

तेवढं मुळ्याचं कळवा.

ग्वेक-नी


चेउंग चाऊ
८ जानेवारी

ग्वेक-नी विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून माझा चेहरा तिखट लागल्यासारखा लाल झाला. आम्ही कँटनी माणसं, त्यातून बेटावरची. मुळा दिसला की वडी करायची, एवढंच आम्हाला कळतं. मुळा परत करायचा असतो हे माझ्या आईलाही ठाऊक नसावं. दोन्ही मुळे मी वडीसाठीच ठेवले, त्यात खोट माझी.

पण आता आपण एकाच घरच्या होणार, तर आडपडदा कशाला? खरं सांगते, परक्या बाईला सांगितलं नसतं. पहिला मुळा झकास होता. किसला, त्याचं पाणी फेकलं नाही, त्यातच तांदळाची पिठी कालवली, गोड सॉसेज आणि सोडे परतून घातले. वाफ दिली तर वडी अशी घट्ट बसली की सुरीला चिकटेना. त्यातल्या चार वड्या या पत्राबरोबर पाठवतेय, तव्यावर तांबूस करून खा.

दुसऱ्याने मात्र दगा दिला. बाहेरून काय देखणा! उंच, गोरापान, अंगावर एक डाग नाही. माझी शेजारीण म्हणाली, "असा माझ्या घरी का नाही येत?" आणि मधोमध कापला, तर काळजात फूल पडलेलं! नुसती जाळी. असल्याला कितीही शिजवा, एका जागी घट्ट बसायचा नाही. तुमचा काय दोष? वरवर बघून कुणाला कळतं? इतकी वर्षं बाजार करते मी, तरी फसतेच. मी कुणाला काही बोलले नाही, गुपचूप डुकरांना घातला.

मनात काही ठेवू नका.

सौ-हिंग


कौलून सिटी
११ जानेवारी

श्रीमती फुंग यांस,

तुमच्या चार वड्या पोचल्या. त्यात एवढं सॉसेज घातलंय की मुळ्याला तोंड वर काढायला जागा नाही. पण मी वड्यांबद्दल लिहायला बसलेली नाही.

मी तांदूळ विकते, पण कोंडा खात नाही. काळजात फूल पडलेला मुळा कुणाला म्हणतात हे या शहरात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आज या बाईमागे, उद्या त्या बाईमागे, असा पुरुष! उंच, गोरापान, देखणा आणि एका जागी घट्ट न बसणारा! सरळ नाव घेऊन लिहायला काय झालं होतं? आणि डुकरांना घातला म्हणे!

तुमच्या कानावर कुणी काय घातलं ते मला माहीत आहे. तर आता माझ्याकडूनच ऐका. होय, चंद्रोत्सवाच्या आधी विगच्या कारखान्यातली एक टवळी त्याच्या मागे लागली होती. मी तिला या डोळ्यांनी पाहिलंय. सिनेमाच्या दारात उभी, तोंडात शेंगदाणे, डोक्यावर सोनेरी कुरळ्या केसांचा हा एवढा डोंगर, आणि माझ्या मुलाच्या खांद्यावर थाप मारून खदाखदा हसत होती. मी रस्त्याच्या पलीकडे होते म्हणून ती वाचली. त्याच संध्याकाळी मी हॉन-मिंगला पूर्वजांच्या नावांच्या पाटीसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली की ती सोनेरी केसांची पोरगी या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. त्याने घेतली. विषय संपला. त्यानंतर महिन्याभरात लान-मावशी तुमच्या मुलीचं स्थळ घेऊन आली.

माझा मुलगा तांदळासारखा निवडलेला आहे. तुम्हाला शंका असेल तर आत्ताच सांगा.

तेओ ग्वेक-नी


चेउंग चाऊ
१४ जानेवारी

मिउ-लिन,

माझ्या बहिणीच्या घरी राहतेस, तिथे हे पत्र उघड्यावर वाचू नकोस.

तुझ्या सासूने तुला टवळी म्हटलंय. मी वाचलं आणि आधी भडकले. म्हटलं, माझ्या लेकीला बोलणारी ही कोण? मग पुन्हा वाचलं आणि हसता हसता मासे वाळत घालायच्या फळीवरून पडता पडता वाचले. विगचा कारखाना, सोनेरी कुरळे केस, तोंडात शेंगदाणे! चंद्रोत्सवाच्या रात्री तसाच केसांचा टोप घालून बोटीतून उतरलीस आणि शेजारच्या म्हातारीने तुला मडम समजून हात जोडले, ती तूच ना गं? आणि लान-मावशी आपल्या पायांनी आली म्हणे! त्या पायांना चालायला कुणी शिकवलं? म्हणजे तुम्ही दोघांनी आधी एकमेकांना ठरवलंत आणि मग आम्हा दोन आयांकडून ठरवून घेतलंत. वर मुलगी बघायच्या दिवशी मान खाली घालून चहा देत होतीस. मला वाटलं, लाजतेय. तू हसू दाबत होतीस!

खोटं मीही बोलले. कारखान्याला कचेरी म्हटलं. मागची दोन स्थळं कारखान्याच्या नावानेच परत गेली होती, म्हणून म्हटलं.

आता ऐक. मला हा मुलगा आवडलाय. माझ्या घरी आला तेव्हा न सांगता पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या त्याने. हे लग्न मोडलं तर तुझ्या तोंडावर काय दिसेल ते मला आत्ताच दिसतंय, आणि ते मला बघवणार नाही. पण त्या बाईला तू कोण ते लग्नानंतर कळलं, तर जन्मभर ती तुला उंबरठ्यावरची समजेल. आधीच कळायला हवं आणि तुमच्याच तोंडून. फक्त तिच्या तोंडाला कुलूप हवं.

ते कुलूप आपल्या घरी आहे. नव्या चांद्र वर्षाची वडी वाफेवर चढली की झाकण उघडेपर्यंत कुणी वाकडा शब्द बोलायचा नाही, ओरडायचं नाही, रडायचं नाही. नाहीतर वडी बसत नाही आणि वर्ष कच्चं जातं. तेओचिऊ लोक तर आपल्याहून कडक पाळतात. मी तिला वड्या करायला इकडे बोलावते. झाकण पडलं की तुम्ही दोघं आत या आणि सगळं सांगून टाका. तिला तासभर राग गिळावा लागेल. गिळलेला राग थोडा तरी पचतो.

हॉन-मिंगला विचार, त्याच्या आईचा राग साधारण किती वेळ टिकतो.

आई


चेउंग चाऊ
१४ जानेवारी

ग्वेक-नी विहीणबाई,

देवाशप्पथ, मी मुळ्याबद्दलच लिहिलं होतं! जो बाजारातून येतो, ज्याला पाला असतो, तो मुळा. त्याच्या काळजात खरंच फूल पडलं होतं, तर दुसरं काय लिहू? तुमचा हॉन-मिंग उंच आणि गोरा आहे हे मला पत्र पेटीत टाकल्यावर सुचलं असतं तरी पेटी फोडून परत काढलं असतं.

पुढे तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या नीट वाचनातच आलं नाही. मासे साफ करता करता पत्र उघडलं, शाई पसरली. सिनेमा की काहीतरी होतं. जाऊ द्या.

एक विनंती आहे. तेवीस तारखेला इकडे या. तुमचे मुळे तुम्ही निवडून आणा, म्हणजे माझ्यावर बालंट नको. वर्षाची वडी आपण दोघी मिळून करू, निम्मी तुमची, निम्मी माझी. शकुन दोन्ही घरी. मुलांनाही सुट्टी आहे, हॉन-मिंगला ओझं उचलायला घेऊन या.

सौ-हिंग


कौलून सिटी
१७ जानेवारी

सौ-हिंग विहीणबाई,

शाई पसरली हे बरं झालं. जी पसरली नसेल ती तुम्हीच पसरवा.

येते. मुळे मी स्वतः टिचकी मारून, जड बघून आणणार. शेंगदाणे आणि लसणाची पातही आणते, कारण त्याशिवायच्या वडीला आम्ही वडी म्हणत नाही. सॉसेज माझ्या ताटात पडता कामा नये.

एकच सांगून ठेवते. चुकून काही वाचलं गेलं असेल तर मिउ-लिनच्या कानावर घालू नका. ती साधी पोर आहे. त्या सोनेरी भुताची सावलीसुद्धा मी या लग्नावर पडू देणार नाही. पडली, तर मी स्वतः लग्न मोडेन आणि हॉन-मिंगला तांदळाच्या पोत्यात शिवून कोठारात ठेवेन. मी एकदा बोलले की बोलले.

ग्वेक-नी


कौलून
२० जानेवारी

आई,

तुझं पत्र मावशीने माझ्या आधी वाचलं. ती अजून हसतेय.

हॉन-मिंगला सगळं सांगितलं. तो दुकानातल्या पोत्यांवर बसून ऐकत होता. मग म्हणाला, तुझी आई थोर आहे. लान-मावशीला आम्हीच पाठवलं होतं, तिला चहा आणि बदक खाऊ घालून. चुकलं म्हणावं तर चुकलं, पण आई, दुसरा रस्ता सांग. त्याच्या आईंनी मला ओळख न होताच नापसंत केलं होतं. ओळख करून द्यायला तरी दारातून आत यायला हवं होतं ना?

त्यांच्या रागाचं विचारलं. तो म्हणतो, गिऱ्हाइकावरचा राग वडीचं एक ताट वाफवून होईपर्यंत उतरतो. बाबांवरचा दोन ताटांत. हा किमान तीन ताटांचा आहे. तेव्हा पीठ जास्त भिजव.

मला भीती वाटतेय. टोप बरोबर आणते. नुसतं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

मिउ-लिन


चेउंग चाऊ, फुंग यांचं स्वयंपाकघर
२३ जानेवारी
(पिठाच्या पिशवीच्या कागदावर, एकच पेन्सिल इकडून तिकडे देत)

सौ-हिंगबाई, झाकण पडलंय, म्हणून मी तोंड उघडत नाही. आत माझ्या हातचे मुळे आहेत आणि यंदाचं वर्ष आहे. पण लिहू नये असं कुठल्या देवाने सांगितलेलं नाही. आत्ता या दोघांनी जे सांगितलं ते मी बरोबर ऐकलं का?

बरोबर ऐकलंत.

तुमच्या मुलीने पिशवीतून तो सोनेरी डोंगर काढला आणि माझ्या देखत डोक्यावर चढवला! वर मला चहा दिला! आणि माझा गाढव हसला.

घाबरला की तो तसा हसतो वाटतं. चहा घ्या, निवतोय.

तुम्हाला ठाऊक होतं?

तुमच्याच पत्राने कळवलं. तोवर मीही तुमच्यासारखीच, लान-मावशीला देवाने धाडलं म्हणून उदबत्ती लावत होते.

शाई पसरली होती ना?

थोडीशीच.

आणि कचेरी? निर्यात कंपनीची कचेरी?

कचेरी आहे. ती वरच्या मजल्यावर. मिउ-लिन खालच्या मजल्यावर बसते. जिने मी मोजले नाहीत, एवढंच माझं चुकलं. रागवायचंय तर माझ्यावर रागवा. मागे दोन घरांनी माझ्या पोरीला कारखान्याची म्हणून नाकारलं. ती आठ तास मान मोडून एकेक केस ओवते आणि पगार माझ्या हातात आणून देते. तिच्यात नाकारण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

झाकण निघू द्या. मग बोलते. आजच्या आज हे लग्न मोडते. त्याने पूर्वजांसमोर खोटी शपथ घेतली!

खोटी कुठे? सोनेरी केसांची पोरगी उंबरठा ओलांडणार नाही, अशीच होती ना? ती टोप काढूनच येईल.

तुम्ही वकील का झाला नाहीत?

ताट उतरवते. चॉपस्टिक टोचून बघा. स्वच्छ निघाली. तुमच्या मुळ्यांची वडी छान बसली हो.

बसणारच. आता मला बोलू द्या. थांबा, हे काय करताय? लगेच दुसरं ताट चढवलंत? झाकणही ठेवलंत?

सणाचं आहे. शेजारीपाजारी द्यायला लागतं.

सौ-हिंगबाई, त्या परातीखाली अजून एक ताट दिसतंय मला.

तुमची नजर मोठी तीक्ष्ण आहे. इतकी की पलीकडच्या फुटपाथवरून माणूस ओळखता. फक्त समोर चहा घेऊन उभं राहिलं तर ओळखत नाही.

टोमणे मारायलाही बंदी असते वाफेवर.

लिहायला नसते, तुम्हीच म्हणालात.

तुम्हाला खरं काय ते लिहिते. मला टोपाचं एवढं वाईट वाटलं नाही. कारखान्याचंही नाही, मी स्वतः लग्नाआधी गोदीवर पोती शिवलीत. मला वाटलं होतं, ही सून मी निवडली. सौ-हिंगबाई, मला आयुष्यात कुणी काही निवडायला दिलं नाही. नवरा लग्नाच्या दिवशी पाहिला. दुकान सासऱ्याचं, घर सासऱ्याचं, पोरांची नावंसुद्धा सासूने ठेवली. तुमच्या घरून परत जाताना बोटीत मी सगळ्यांना सांगत होते, बघा, कसा हिरा शोधून काढला मी. आणि माझा गाढव मागे बसून हसत असेल.

तो हसत नव्हता. हॉन-मिंग सांगतो, तुम्ही "हीच" म्हणालात तेव्हा तो डेकवर जाऊन रडला. आणि निवडली तुम्हीच. त्याने तिला टोपासकट निवडली, तुम्ही टोपाशिवाय. एकाने दुसऱ्याला न विचारता बाजार केला आणि टोपलीत एकच मुळा आला. माझ्या बोलीत मुळा म्हणजे शकुन नाही, पण हा शकुन नाही तर काय?

ती रोज शेंगदाणे खाते का?

रोज. त्याला तुमच्याच दुकानातून आणायला लावते.

म्हणजे डबे हलके व्हायचे ते उंदरांमुळे नव्हतं.

दुसरं ताट उतरवू?

उतरवा. तिसरं मीच चढवते, तुमचा हात भाजेल. पोरीला म्हणावं, ते डोक्यावरचं काढ, वाफेने नायलॉन वितळेल. बोलू नका, खूण करा. आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बस म्हणावं. लसणाची पात कशी चिरायची ते तिला आलंच पाहिजे, सॉसेजवाल्यांच्या घरात वाढलीय.

बसली बघा. पात उलटी धरलीय तिने.

शिकेल हळूहळू. सुरी मीच धरते.

विहीणबाई, तिसरंही झालं. चॉपस्टिक स्वच्छ आहे. आता झाकण काढते. तुम्ही मोकळ्या झालात. काय बोलायचं ते बोला.

काढू नका! पीठ उरलंय का? असेल तर चौथं ताट लावा. माझा राग दुसऱ्या ताटालाच उतरला, पण हे हॉन-मिंगला कळू देऊ नका. बघा त्याच्याकडे, दारात कसा घामाघूम उभा आहे. अजून तासभर उकडू दे त्याला.